कृषि-अवशेषांतील संयुगांचे प्रतिरक्षा-परीक्षण

पिकाचे मुख्य उत्पन्न काढून घेतल्यावर शेतात, खळ्यावर किंवा प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात जो वनस्पतिज भाग उरतो, त्यातून रासायनिक संयुगे वेगळी करून त्यांचा शरीराच्या प्रतिरक्षा तंत्रावर (रोगप्रतिकारक यंत्रणेवर) होणारा परिणाम प्रयोगांनी ठरविण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. हा परिणाम उत्तेजनाचा असू शकतो, तसाच अवनमनाचाही असू शकतो. काही संयुगे स्वतः फारसे काही न करता लशीबरोबर दिली असता लशीचा प्रभाव वाढवितात. त्यांना साहाय्यक द्रव्ये म्हणतात. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढविणारे’ असे जे सरसकट विशेषण व्यवहारात वापरले जाते, ते या क्षेत्रात फारसे उपयोगाचे नाही. संधिवाताभ आमवात, दमा किंवा अधिहर्षता (ॲलर्जी) यांनी पीडित असलेल्या रुग्णात प्रतिरक्षेची प्रतिक्रिया आधीच गरजेपेक्षा जास्त असते व तेथे ती आवरणे इष्ट असते. म्हणून शास्त्रीय लेखनात ‘प्रतिरक्षा-नियमन’ हा शब्द योजतात.

अवशेष व त्यांचे घटक : मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे जिल्हे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. येथील खरीप मुख्यतः सोयाबीन, तूर व कापूस यांचा. पाण्याची सोय असेल तेथे ऊस, आणि नांदेड जिल्ह्याच्या अर्धापूर-मुदखेड भागात केळी व हळद. सोयाबीनची मळणी झाल्यावर गुळी, तुरीच्या तुराट्या, कापसाची पऱ्हाटी, उसाचे पाचट व चिपाड, केळीचे खोड, हळदीचा पाला हे अवशेष दरवर्षी मोठ्या प्रमाणावर निघतात. कापसाच्या एक हेक्टर क्षेत्रातून साधारणतः २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. उसाच्या वजनाच्या सु. २८ ते ३० टक्के ओले चिपाड उरते व त्यात निम्मे पाणी असते. लातूर हे तूरडाळीच्या गिरण्यांचे जुने केंद्र असून १०० किग्रॅ. तुरीपासून पारंपरिक पद्धतीने ७० ते ७५ किग्रॅ. डाळ मिळते, बाकीचा भाग टरफल व चुणी यांच्या रूपाने राहतो. सोयाबीनच्या दाण्यात टरफलाचा वाटा सु. ८ टक्के व अंकुराचा सु. २ टक्के असतो.

यांपैकी पुष्कळशा मालाला पूर्वापार उपयोग आहे. चुणी जनावरांना घालतात, चिपाड कारखान्याच्या बाष्पित्रात जळते, तुराट्यांचे कूड होतात. पऱ्हाटी मात्र बहुधा शेतातच जाळली जाते. त्यामागे निव्वळ आळस नसतो. ती उभी ठेवल्यास शेंदरी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो.

रासायनिक दृष्ट्या या अवशेषांचा मोठा भाग सेल्युलोज, अर्धसेल्युलोज व लिग्निन या बहुवारिकांचा असतो. प्रतिरक्षेच्या संदर्भात अर्धसेल्युलोजातील झायलाने व ॲराबिनोझायलाने, तसेच टरफलांतील व सालींतील पेक्टिने ही लक्ष वेधून घेतात. त्यांच्या शाखायुक्त शर्करा-साखळ्या भक्षी कोशिकांच्या पृष्ठावरील ग्राहींशी बद्ध होऊ शकतात. दुसरा गट लहान रेणूंचा : तुरीच्या टरफलातील फिनॉलिक संयुगे व टॅनिने, हळदीतील कुर्क्युमीन, कापसातील गॉसिपॉल, सोयाबीनच्या अंकुरात एकवटलेली सॅपोनिने इत्यादी.

अवशेषांपासून होणारे प्रतिरक्षाजन्य विकार : पिकाच्या अवशेषांचा प्रतिरक्षा तंत्रावर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत कळण्याच्या आधी कामगारांच्या फुप्फुसांवरून कळले. साठविलेल्या चिपाडाच्या धुळीने होणारा श्वसनविकार अमेरिकेतील लुइझिअ‍ॅना राज्यात आढळला व १९४१ मध्ये त्याचे वर्णन झाले. ताजे चिपाड हाताळणाऱ्यांना हा विकार होत नाही. गंजी लावून ठेवलेले, आतून तापलेले व बुरसलेले चिपाड फोडणाऱ्यांना होतो. उष्णता सहन करणारे एक तंतुरूप सूक्ष्मजंतू त्यात वाढतात, त्यांची बीजुके श्वासावाटे आत जातात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. म्हणजे ऊस तोच, चिपाडही तेच. परिणाम घडविणारा घटक मात्र उसाचा नव्हे.

कापसाची गोष्ट याहून बोधक आहे. पिंजण व सूतकताई विभागांतील कामगारांना आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतताच छाती आवळल्यासारखी वाटते, हे मुंबईपासून लँकाशरपर्यंतच्या गिरण्यांत फार पूर्वीपासून ठाऊक होते. सरकी काढताना व पिंजताना रुईत मिसळलेला पाने, देठ व बोंडाखालची छदे यांचा चुरा हे त्याचे कारण मानले जाई आणि त्यातील विषारी वनस्पतिज द्रव्य शोधण्याचे प्रयत्न दीर्घ काळ चालले. १९८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वयंसेवकांना निरनिराळ्या कापसाच्या धुळीत बसवून त्यांची श्वसनक्षमता मोजण्यात आली. श्वसनक्षमतेतील घट ही हवेतील धुळीच्या वजनाशी नव्हे, तर धुळीतील अंतर्विषाच्या प्रमाणाशी जुळते, असे त्यात दिसून आले. अंतर्विष म्हणजे ग्रॅम-ऋण सूक्ष्मजंतूंच्या बाह्य आवरणातील वसाबहुशर्करा. ते कापसाचे द्रव्य नसून कापसाच्या वाळत्या पानांवर वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंचे द्रव्य आहे. उस्मानशाही गिरणीमुळे एके काळी वस्त्रोद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या व आजही कापूस पिकविणाऱ्या नांदेडसारख्या जिल्ह्यात पऱ्हाटीचा अर्क तपासावयाचा झाल्यास हा इतिहास नजरेआड करता येत नाही.

अर्क तयार करणे : अवशेष वाळवून, दळून चाळतात. मेद व रंगद्रव्ये हेक्झेनासारख्या विद्रावकाने काढून टाकतात. फिनॉलिक संयुगे व सॅपोनिने जलमिश्रित अल्कोहॉलात उतरतात; पेक्टिने गरम पाण्यात किंवा सौम्य अम्लात, तर झायलाने क्षारात विरघळतात. बहुशर्करांच्या विद्रावात अल्कोहॉल घातले की त्यांचा अवक्षेप मिळतो. तो पुन्हा विरघळवून अपोहन करतात व स्तंभ-वर्णलेखनाने विद्युत् भारानुसार आणि रेणूंच्या आकारानुसार त्याचे भाग पाडतात. क्षाराने काढलेल्या अर्धसेल्युलोजावरील ॲसिटिल गट निघून जातात, हे येथे लक्षात ठेवावे लागते. कारण मिळालेला पदार्थ चिपाडात मुळात होता तसाच राहिलेला नसतो.

कोशिकांवरील परीक्षण : पहिली पायरी काचपात्रातील असते. उंदराच्या बृहद्‌भक्षी कोशिकांचा संवर्धनात टिकणारा वाण किंवा माणसाच्या रक्तातून घनता-विद्रावावर वेगळ्या केलेल्या श्वेत कोशिका घेऊन त्यांत अर्काच्या वाढत्या मात्रा मिसळतात. एक-दोन दिवसांनी कोशिकांनी बाहेर टाकलेले नायट्रिक ऑक्साइड (प्रत्यक्षात त्यापासून झालेले नायट्राइट) वर्णमापनाने, आणि अर्बुद-मृत्यू-घटक व इंटरल्यूकिने ही संदेशवाहक प्रथिने प्रतिपिंडांवर आधारलेल्या एंझाइम परीक्षेने मोजतात. बहुरूपकेंद्रकी कोशिका यीस्ट किती गिळतात, लसीका कोशिकांचे विभाजन किती वाढते, याही परीक्षा नेहमीच्या आहेत. कोशिका जिवंत आहेत की नाहीत, हे बहुधा पिवळ्या टेट्राझोलियम लवणाचे जांभळ्या रंगद्रव्यात रूपांतर होते की नाही यावरून पाहतात.

या प्रत्येक परीक्षेत एक खाच आहे. वनस्पतींतील फिनॉलिक संयुगे टेट्राझोलियम लवणाचे क्षपण कोशिका नसतानाही करतात, त्यामुळे मेलेल्या कोशिका जिवंत भासतात. नायट्रिक ऑक्साइड उंदराच्या भक्षी कोशिका भरपूर सोडतात, माणसाच्या फारच थोडे. म्हणून एकीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही. गॉसिपॉलासारख्या संयुगाने लसीका कोशिकांचे विभाजन थांबले, तर ते प्रतिरक्षेचे अवनमन आहे की निव्वळ विषबाधा, हे वेगळे ठरवावे लागते. गॉसिपॉलाचे मानवी प्रयोग चीनमध्ये पुरुष-गर्भनिरोधक म्हणून झाले होते. रक्तातील पोटॅशियम घटणे व काहींच्या बाबतीत प्रजननक्षमता परत न येणे या दोषांमुळे ते सोडून द्यावे लागले. कुर्क्युमिनाबद्दल २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत रासायनिक समीक्षेत असे दाखविले गेले की, ते अस्थिर असते, अनेक परीक्षांत खोटे होकारार्थी निष्कर्ष देते व पोटातून घेतल्यास रक्तात अत्यल्प पोचते. हळदीच्या टाकाऊ पाल्यावर किंवा अर्क काढून उरलेल्या चोथ्यावर काम करणाऱ्याने ती समीक्षा वाचलेली असावी.

परिणाम कोणाचा? : वरील सर्व अडचणींपेक्षा मोठी अडचण अंतर्विषाची आहे. एक मिलिलिटर विद्रावात १ नॅनोग्रॅमहूनही कमी अंतर्विष असले, तरी बृहद्‌भक्षी कोशिका उत्तेजित होतात. मराठवाड्यात सोयाबीनची काढणी होते तेव्हा परतीचा पाऊस पुष्कळदा गाठतो. भिजलेली सुडी दोन दिवस झाकून ठेवली तरी आतून तापते. अशा गुळीवर सूक्ष्मजंतूंची व कवकांची दाट वाढ झालेली असते आणि त्यांची द्रव्ये पाण्याच्या अर्कात वनस्पतिज बहुशर्करांबरोबरच उतरतात. अल्कोहॉलाने बहुशर्करा खाली बसतात तेव्हा अंतर्विषही त्यांच्याबरोबर बसते. अर्क सूक्ष्म गाळणीतून गाळल्याने सूक्ष्मजंतू अडतात, अंतर्विष नाही. १२१° से. तापमानाच्या दाबयुक्त वाफेनेही ते नष्ट होत नाही. काचपात्रे २५०° से. तापमानास अर्धा तास कोरडी तापवून निर्विष करता येतात, पण अर्काला हा उपाय लागू नाही.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले की, प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या एकिनेशियासह काही वनस्पतींच्या अर्कांमुळे भक्षी कोशिकांचे जे उत्तेजन काचपात्रात दिसते, त्याचा बहुतांश भाग त्यांवरील सूक्ष्मजंतूंच्या वसाप्रथिनांचा व वसाबहुशर्करांचा असतो. बागेत जोपासलेल्या औषधी वनस्पतींची ही स्थिती, तर उकिरड्यालगत पडलेल्या अवशेषांची काय असेल, हे सांगावयास नको.

अंतर्विष मोजण्यासाठी घोड्याच्या नालेसारखे कवच असलेल्या सागरी संधिपाद प्राण्याच्या रक्तकोशिकांचा अर्क वापरतात. अंतर्विषाच्या स्पर्शाने तो गोठतो. लेव्हिन व बँग यांनी १९६० च्या दशकात ही परीक्षा विकसित केली. तथापि कवकांच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकानांनीही हा अर्क गोठू शकतो, आणि टॅनिनांनी गोठण्यात अडथळा येतो. म्हणून नमुन्यात ज्ञात प्रमाणात अंतर्विष मुद्दाम मिसळून ते तितकेच परत मोजले जाते का, हे पाहणे आवश्यक असते. दुसरा उपाय पॉलिमिक्सीन-बी हे प्रतिजैविक मिसळण्याचा. ते अंतर्विषाला बांधून निष्प्रभ करते. त्यानंतरही परिणाम टिकला तर तो अंतर्विषाचा नसण्याची शक्यता वाढते, परंतु सूक्ष्मजंतूंच्या वसाप्रथिनांवर या प्रतिजैविकाचा इलाज चालत नाही. अधिक निर्णायक पुरावा अंतर्विषास प्रतिसाद न देणाऱ्या उंदरांच्या कोशिकांपासून मिळतो. अशा एका वाणातील दोष टोल-सदृश ग्राही-४ च्या जनुकात आहे, हे ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखविले. या संशोधनासाठी त्यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या वाणाच्या कोशिकाही उत्तेजित झाल्या, तर शोध पुढे नेण्यास आधार मिळतो.

अवनमनाच्या निष्कर्षांबाबत संशय कवकांवर घ्यावा लागतो. अवयवरोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरीन हे मातीतील कवकापासून मिळालेले द्रव्य आहे, आणि मायकोफिनॉलिक अम्ल हे पेनिसिलियम गटातील कवकाचे. भुईमूग, मका व सरकी पेंड यांवर वाढणाऱ्या कवकाचे अफ्लाटॉक्सीन कोंबड्यांची प्रतिरक्षा दुबळी करते. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी किंवा बुरसलेला कडबा यांचा अर्क लसीका कोशिकांना दाबून टाकत असेल, तर ज्वारीला त्याचे श्रेय देण्यापूर्वी कवकविषांचे मापन झालेले असले पाहिजे. कापसावरील कीटकनाशकांचे अवशेष हा तिसरा संभाव्य घटक होय. एकाच शिवारातील फवारलेल्या व न फवारलेल्या झाडांचे नमुने शेजारी-शेजारी तपासणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तोच बहुधा केला जात नाही.

प्राण्यांवरील परीक्षण : काचपात्रातील निष्कर्ष टिकले तर उंदीर व घुशी यांच्यावर प्रयोग होतात. मेंढीच्या तांबड्या कोशिका टोचून प्राण्याच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडांची पातळी समूहन परीक्षेने मोजणे, त्याच कोशिका पंजात टोचून दुसऱ्या दिवशी येणारी सूज मोजणे (विलंबित अधिहर्षता) व रक्तातून कार्बनकण किती वेगाने नाहीसे होतात ते पाहणे, या जुन्या व विश्वसनीय पद्धती आहेत. प्रतिपिंड तयार करणाऱ्या प्लीहेतील कोशिका एकेक मोजण्याची युक्ती येर्ने यांनी १९६३ मध्ये दिली. भारतात अशा प्रयोगांसाठी १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक अधिनियमाखाली नेमलेल्या केंद्रीय समितीकडे प्राणिगृहाची नोंदणी व संस्थेतील नीतिसमितीची पूर्वसंमती लागते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत ही सोय क्वचितच असते. काचपात्रातील पहिली पायरी मात्र थोड्या साधनांत होते. म्हणून या विषयावरील बहुसंख्य शोधनिबंध तेथेच थांबलेले दिसतात.

मानवी पुराव्याचे उदाहरण : शेतातील अवशेषांपासून मिळालेले कोणतेही संयुग या परिसरातून रुग्णांपर्यंत पोचल्याचे उदाहरण देता येत नाही. सर्व पायऱ्या चढून गेल्यावर काय हाती येते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातच बांधावरच्या गुळवेलीचे उदाहरण आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शरदिनी डहाणूकर, ऊर्मिला थत्ते व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकापासून गुळवेलीचा अभ्यास प्रथम प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर केला. पित्तमार्गातील अडथळ्यामुळे कावीळ झालेल्या ३० शस्त्रक्रियायोग्य रुग्णांच्या दोन गटांचा वृत्तांत १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ रूढ उपचार घेतलेल्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तपूतिता झाली, गुळवेलही दिलेल्या गटात कोणासही झाली नाही. रुग्णसंख्या लहान असली, तरी विशिष्ट रोग, विशिष्ट मात्रा व तुलनेचा गट या तिन्ही गोष्टी येथे होत्या.

कोव्हिड-१९ च्या साथीत २०२० साली हीच वनस्पती घरोघरी, मात्रेचा व मुदतीचा विचार न करता घेतली गेली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतदाहाचा वृत्तांत दिला. त्याची लक्षणे स्वतःच्याच यकृतावर उलटलेल्या प्रतिरक्षेसारखी होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती, दुसरी जाती नव्हती, हे तपासले नसल्याचा आक्षेप त्याने घेतला. आक्षेप व वृत्तांत या दोहोंतून एकच गोष्ट पुढे येते : प्रतिरक्षेला खरोखर उत्तेजन देणारे द्रव्य निरुपद्रवी असेलच असे नाही, आणि कोणते द्रव्य दिले हे निश्चित नसेल तर त्याच्या गुणाचा वा दोषाचा निर्णयच होत नाही.

साहाय्यक द्रव्ये : कृषि-अवशेषांच्या दृष्टीने सर्वांत आशादायक भाग हाच वाटतो. चिलीतील क्विलाया वृक्षाच्या सालीतील सॅपोनिने आज अनेक लशींत वापरली जातात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी व ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आर२१ ही हिवतापाची लस अशाच सॅपोनिनयुक्त साहाय्यकाबरोबर देतात. एका वृक्षाच्या सालीवर एवढी भिस्त ठेवणे सोयीचे नाही, म्हणून इतर वनस्पतींचा शोध चालू आहे. जपानी संशोधकांनी २००० मध्ये ४७ सॅपोनिनांची तुलना केली. सॅपोनिनांचा मोठा दोष म्हणजे ती तांबड्या रक्तकोशिका फोडतात. परंतु सोयाबीनमधील सॅपोनिनांत साहाय्यक गुण चांगला व रक्तविलयन अल्प, असे त्यांना उंदरांत आढळले. सोयाबीनची टरफले काढताना अंकुर वेगळा करता येतो, म्हणजे कच्चा माल गिरणीतच, कोरडा व तुलनेने स्वच्छ मिळतो. पावसात पडलेल्या गुळीपेक्षा या मालापासून आरंभ करणे केव्हाही श्रेयस्कर.

नियमन व व्यवहार : भारतात २०१५ च्या दुरुस्तीने औषधी नियमांत ‘वनस्पतिज औषध’ असा वेगळा वर्ग करण्यात आला. त्यानुसार शुद्ध व प्रमाणित केलेल्या अर्कांशात किमान चार घटकांचे गुणात्मक व परिमाणात्मक निर्धारण झालेले असावे लागते, आणि सुरक्षितता व परिणामकारकता यांचा पुरावा नव्या औषधाप्रमाणे द्यावा लागतो. कच्च्या मालाची जात, स्थान, काढणीचा काळ व साठवण यांची नोंद नसेल, तर ही अट पुरी होत नाही.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९९४) व त्याचे लातूर उपकेंद्र, परभणीचे कृषी विद्यापीठ (१९७२) व त्याची नांदेडमधील कापूस आणि लातूरमधील गळितधान्य संशोधन केंद्रे, तसेच दोन्ही शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडे मिळून पिकाच्या वाणापासून रुग्णाच्या रक्तापर्यंतचे ज्ञान आहे. वाण, पेरणी, फवारणी व काढणी यांच्या तारखांसह नमुना देऊ शकणारे संशोधन केंद्र जवळ असणे ही मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांना सहसा न लाभणारी सोय होय.

अशा संशोधनाने अवशेषांची विल्हेवाट लागेल, ही अपेक्षा मात्र गैर आहे. लशीच्या एका मात्रेत सॅपोनिन मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते. संपूर्ण देशाची गरज भागविण्यास थोडा माल पुरे होईल. पऱ्हाटीचे ढीग हलवावयाचे असतील तर तिच्या कांड्या, भुसापत्रे किंवा खत करणे हेच उपाय आहेत. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (स्थापना १९२४) त्या दिशेने काम केले आहे. धिंगरी अळिंबीच्या लागवडीस गुळी व पऱ्हाटी दोन्ही चालतात, आणि त्यातून शेतकऱ्याच्या हाती त्याच हंगामात पैसा येतो.